मतपत्रिकांबरोबर वाळवंट ओलांडताना

दम्मामच्या विमानतळावर पासपोर्टच्या खिडकीत बसलेल्या मुलीने माझे कागद चाळले आणि विचारलं, "काम काय?"

"छपाई तपासायची."

"पुस्तकांची?"

"मतपत्रिकांची."

तिने मान वर करून एकदा माझ्याकडे नीट पाहिलं, मग शिक्का मारला. बाहेर आले तर चष्म्यावर एका क्षणात वाफ धरली. आखाती हवेतला दमटपणा कोकणाला लाजवील असा असतो. चष्मा पुसला, बॅग ओढली आणि टॅक्सी शोधली.

मी मूळची मिरजेची. वडिलांचा तिथे छोटा छापखाना होता. शाळांच्या प्रश्नपत्रिका छापायचे, त्यामुळे वाया गेलेला एक कागददेखील दाराबाहेर जाऊ द्यायचा नाही, हे मला परकराच्या वयातच कळलं होतं. गेली चौदा वर्षं मी आफ्रिकेतल्या एका देशात राहत होते. देशाचं नाव लिहीत नाही, कारण माझ्या ओळखीची माणसं अजून तिथे आहेत आणि त्यांना रोज सकाळी कामावर जायचं असतं. नवरा, श्रीनिवास, तिथल्या साखर कारखान्यात मुख्य इंजिनिअर. मी तिथल्या निवडणूक आयोगाची कंत्राटी छपाई तपासनीस.

त्या देशात कुणाचाच कुठल्याच छापखान्यावर विश्वास नाही, म्हणून मतपत्रिका बाहेरून छापून आणतात. या खेपेला काम दम्मामच्या एका छापखान्याला मिळालं. माझं काम ऐकायला सोपं आहे. मागवल्या तेवढ्याच मतपत्रिका छापल्या जातात की नाही ते पाहायचं, छपाई संपली की प्लेटा आपल्यासमोर कापून घ्यायच्या, माल लाल समुद्रावरच्या बंदरापर्यंत सोबत न्यायचा आणि बोटीवर चढण्याआधी दाखल्यावर सही करायची. ती सही नसेल तर पलीकडे माल उतरवून घेत नाहीत.

माझ्याबरोबर आयोगाचा अधिकारी डॅनियल होता. पंचेचाळिशीचा, तीन मुलींचा बाप. बोलतो कमी, मोजतो जास्त. मला 'ममा सुधा' म्हणतो. त्याच्या देशात वयाने मोठ्या बाईला असंच म्हणतात, त्यात लाडीगोडी काही नसते.

छापखाना औद्योगिक वसाहतीत होता. एका बाजूला आमच्या मतपत्रिका आणि दुसऱ्या बाजूला अल खर्जच्या एका डेअरीच्या ताकाच्या बाटल्यांची लेबलं, असं एकाच छपराखाली चाललेलं. फोरमन हमीद परकार, दाभोळ खाडीकाठचे. बावीस वर्षं दम्मामात. मी मराठीत बोलले तसे ते हातातलं काम टाकून पुढे आले.

"ताई, मिरजेच्या म्हंजे घाटावरच्या तुम्ही. तिखट चालंल ना?"

"मला सगळं चालतं. तुमचं मशीन चालतं का ते आधी दाखवा."

"मशीन माझ्यापेक्षा तरणं हाय," ते म्हणाले. "खोकतं कमी."

पहिले दहा दिवस उत्तम गेले. सकाळी सातला छापखाना, दुपारी तिथेच जेवण, संध्याकाळी समुद्रकाठच्या रस्त्यावर फेरी. तिथे पुरुष गालिचे अंथरून गहवा (वेलदोडे घातलेली, पिवळसर, बिनसाखरेची कॉफी) पीत बसलेले असतात आणि बायका मुलांच्या मागे धावत असतात. डोकं झाकण्याची आता सक्ती नाही. मी सलवार-कमीज घालून फिरत होते, कुणी ढुंकून पाहिलं नाही. एका शुक्रवारी हमीदभाईंनी घरी बोलावलं. त्यांच्या बायकोने तांदळाच्या भाकऱ्या आणि खोबऱ्यातली कोळंबी केली होती. मुलगा इथल्या भारतीय शाळेत नववीला.

"मी मराठीत विचारतो, हा इंग्लिशमधी उत्तर देतो," हमीदभाई म्हणाले. "भांडायचं असलं की दोघं हिंदीवर येतो."

अकराव्या दिवशी बेन्सनसाहेब आले. राष्ट्राध्यक्षांचे सल्लागार. तीन फोन, चकचकीत बूट आणि माझ्यासाठी खजुराचा मोठा डबा. आयोगाच्या कामात राष्ट्राध्यक्षांच्या सल्लागाराचं काय काम, असं मी विचारलं, तर हसून म्हणाले, "मिसेस सुधा, मी फक्त पाहुणा." पाहुणा मालकाच्या केबिनमध्ये दार लावून दोन दोन तास बसत होता.

पुढच्या आठवड्यातली गोष्ट. छापखान्यात सगळे कामगार जमिनीवर बसून एकत्र जेवतात. खाली सुफ्रा (जेवणासाठी अंथरायचा प्लॅस्टिकचा कागद) टाकतात, मधे भाताची मोठी परात. त्या दिवशी सुफ्र्याची गुंडाळी संपली होती. कुणीतरी मशीनजवळचे खराब गेलेले मोठे ताव उचलून आणले आणि उलटे अंथरले. हमीदभाईंच्या खात्यातली ही जुनी सवय असणार, कारण कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. मी भाताचा घास उचलला आणि ताव एका कडेने वळला होता तिथे मला छापलेली बाजू दिसली. आमची मतपत्रिका. उत्तरेकडच्या तळ्याकाठच्या जिल्ह्याची.

त्या जिल्ह्याची छपाई मी आठ दिवसांपूर्वी बंद केली होती. प्लेटा माझ्यासमोर कापल्या होत्या, वाया गेलेले ताव माझ्यासमोर भट्टीत गेले होते. मी अंगठा त्या छपाईवर घासला. अंगठा काळा झाला. आठ दिवसांची शाई अशी निघत नाही.

मी जेवण पूर्ण केलं. अर्धवट उठले असते तर दहा माणसांनी कारण विचारलं असतं. हात धुताना हमीदभाईंना गाठलं.

"तळ्याकाठचा जिल्हा परत छापला?"

ते माझ्याकडे न पाहता नळाखाली हात चोळत राहिले. "रातपाळीला. नव्या प्लेटा करून. पाहुण्यानं लेटरहेडवर लिहून दिलंय, मालकानं सही केलीय. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक हाय."

"नंबर?"

"तेच. जुनेच."

म्हणजे एकाच नंबराच्या मतपत्रिकांचे दोन संच. एक मतदारांसाठी, दुसरा पेट्यांमध्ये आधीच भरून ठेवण्यासाठी. हमीदभाईंनी दुसऱ्या संचाचा आकडाही सांगितला : चोवीस खोकी. राष्ट्राध्यक्ष मागच्या वेळी त्याच जिल्ह्यात आपटले होते.

"ताई, माझा इकामा (राहण्याचा परवाना) मालकाच्या नावावर हाय," हमीदभाई म्हणाले.

"मी तुमच्याकडे काही मागितलेलं नाही."

वाचणारा विचारील, पोलिसांत का गेला नाहीत? कशाबद्दल जायचं? एका परदेशी सरकारच्या माणसाने लेखी मागणी दिली आणि छापखान्याने माल छापला, यात इथल्या कायद्याचं काय मोडलं? आयोगाच्या अध्यक्षांना फोन लावला, तर तो त्यांच्या नव्या सेक्रेटरीने उचलला. सेक्रेटरी बेन्सनचा भाचा. मी कागदाच्या जाडीबद्दल काहीतरी विचारून फोन ठेवला. सही करायला नकार देणं हा एक मार्ग होता. पण मग दाखल्यावर दुसऱ्या कुणाची तरी सही आली असती आणि ती चोवीस खोकी जशीच्या तशी पोचली असती.

डॅनियल आणि मी हॉटेलच्या जेवणघरात बसलो. मी त्याला सांगितलं ते त्याने ऐकलं आणि चमचा डाळीच्या वाटीत ठेवून दिला.

"ममा सुधा, कोपरा," तो म्हणाला.

त्याने म्हणायच्या आधी माझ्याही डोक्यात तेच होतं. त्या देशाच्या निवडणुकीच्या नियमात आहे : वरचा उजवा कोपरा कापलेली मतपत्रिका रद्द, ती कुठल्याही मोजणीत धरायची नाही. हा नियम तिथे मीच सुचवला होता. मिरजेला वडील खराब प्रश्नपत्रिकांचा कोपरा असाच उडवायचे.

मतदानाला पंधरा दिवस होते. बोट पाच दिवसांनी सुटणार होती. चोवीस खोकी पुन्हा छापायला वेळच उरणार नव्हता.

शुक्रवारी सुट्टी असते, पण आमच्या कामासाठी त्या शुक्रवारी सकाळपाळी ठेवली होती. साडेअकराला बांग झाली. शुक्रवारच्या दुपारच्या नमाजाला सगळे जातात. मशीनं बंद होतात, पहारेकरीसुद्धा मशिदीत. तासाभरापेक्षा जास्त वेळ छापखान्यात आम्ही दोघंच बिगरमुसलमान राहणार होतो. बेन्सन हॉटेलात होते. शुक्रवारी ते उशिरा उठत.

हमीदभाई निघताना कटिंग मशीनजवळ थांबले. चोवीस उघडी खोकी ढकलगाड्यांवर त्या मशीनच्या शेजारी उभी होती. काल ती पलीकडच्या भिंतीला होती.

"पातं कालच बदललंय," ते रुमालाने हात पुसत म्हणाले. "बटणं दोन, दोन्ही हातांनी दाबायची. एका हातानं चालत नाही. हात आत ऱ्हाऊ नये म्हणून."

"ठाऊक आहे."

"टेप मारायला पोरं दीडला येतील. मी नमाजाला जातो."

दार बंद झालं आणि मी मशीन चालू केलं.

कोपरा कापायचा तर गठ्ठा पात्याला तिरका लावावा लागतो. मी पहिल्या गठ्ठ्यावर माप घेतलं, मशीनच्या पाटावर पेन्सिलीने रेघ मारली आणि मग सगळे गठ्ठे त्याच रेघेला लावले. डॅनियल खोक्यातून मतपत्रिकांच्या बांधलेल्या वह्या काढून देई, मी लावी, दोन्ही बटणं दाबी, पातं खाली येई, तो वह्या परत भरी, कापलेला कोपरा खाली करून. वरून पाहणाऱ्याला खोकं होतं तसंच दिसत होतं. कापलेले त्रिकोण खाली कचऱ्याच्या डब्यात पडत होते. डबा ताकाच्या लेबलांच्या हिरव्या-पांढऱ्या कातरणांनी भरलेला होता, त्यात ते मिसळून गेले. एसी चालू असून पाठ घामाने भिजली. खांद्यातून कळ येत होती. मध्येच डॅनियल म्हणाला, "ममा सुधा, जरा बसा." मी म्हटलं, "बसायला मिरजेला घर आहे. पुढची वही द्या."

एक वाजून दहा मिनिटांनी चोविसावं खोकं झालं. मी रेघ पुसली, पातं पुसलं. दीडला पोरं आली आणि गाणी म्हणत टेप मारू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. दोन ट्रक, मागे आमची गाडी. मला वाटलं होतं बेन्सन विमानाने जातील. पण ते गाडीशी येऊन उभे राहिले. "तुमच्यासोबत देश पाहीन म्हणतो, मिसेस सुधा." त्यांना माल नजरेआड होऊ द्यायचा नव्हता. मलाही नव्हता. मी पुढे बसले, ते आणि डॅनियल मागे.

गाडी अबू फहद नावाच्या सौदी गृहस्थाची. साठीचा माणूस, सगळं आयुष्य रस्त्यावर गेलेलं. आपल्याकडच्या कामगारांकडून शिकलेली हिंदी बोलायचा.

"मदाम, बच्चा कितना?"

"एक मुलगी. ऑस्ट्रेलियात."

"बस एक?" त्याने स्टिअरिंग सोडून दोन्ही हात वर केले. "मेरा नौ. यल्ला (चला)!"

दम्माम सोडलं की तासाभरात झाडं संपतात. मग दहना नावाच्या वाळवंटाची वाळू लागते. आपल्याला वाळू म्हटलं की पिवळी आठवते, ही तांबडी असते, विटेच्या भुकटीसारखी. रस्ता सरळसोट आणि त्याच्या कडेने मैलोन् मैल तारेचं कुंपण, उंट आडवे येऊ नयेत म्हणून. रियाध शहरात दिवसा जड गाड्यांना बंदी असते, शिवाय एका ट्रकमध्ये ताकाची लेबलं होती, म्हणून आम्ही शहर टाळून अल खर्जला वळलो.

अल खर्ज जवळ आल्यावर बेन्सन मागून म्हणाले, "मिस्टर श्रीनिवास कसे आहेत? कारखान्याजवळच राहता ना तुम्ही? हिरवं फाटक."

"हो."

"छान जागा. त्यांचा परवाना पुढच्या महिन्यात संपतो, असं कुणी तरी म्हणत होतं. काही अडचण आली तर सांगा. आणि बंदरावर सहीचं काही विघ्न नाही ना?"

"मालासारखी सही," मी म्हटलं. "माल चोख असेल तर सही चोख."

ते हसले. मी फोन काढला आणि तिथेच, गाडीत, नवऱ्याला लावला. त्या गाडीत मराठी कळणारं कुणी नव्हतं.

"अहो, कुठे आहात?"

"कारखान्यात. गळीत चालू आहे, आत्ता काय काढलंस?"

"मधे बोलू नका. घरी जा, तुमचा पासपोर्ट आणि कपाटातली निळी फाइल घ्या, गाडी काढा आणि सीमा ओलांडा. आज रात्री वाटेत थांबलात तरी चालेल, पण उद्या पलीकडे पाहिजे."

"काय झालं काय?"

"ज्याच्यामुळे झालंय तो माझ्या मागच्या सीटवर बसलाय. जरा हसून बोला, आवाज बाहेर येतो."

नवरा खरोखरच हसला. फार वाईट हसला. "किती दिवसांचे कपडे घेऊ?"

"दोन जोड. इस्त्रीचे नकोत."

"अगं पण बॉयलरचं—"

"बॉयलर तुमच्यावाचून फुटणार नाही. निघा."

"आणि मांजर?"

"मांजर राजकारणात नाही. ते राहील."

फोन ठेवला. "घरी सगळं ठीक?" बेन्सननी विचारलं.

"रक्तदाबाची गोळी विसरतात," मी म्हटलं. डॅनियल खिडकीबाहेर पाहत होता. त्याला एक शब्द कळला नव्हता, पण काय बोलणं झालं ते त्याला बरोबर कळलं होतं.

अल खर्ज हिरवंगार आहे. वाळवंटात पाणी फिरवून गोल गोल शेतं केलेली, पुढे गाईंच्या शेडा. गाईंवर पंखे आणि पाण्याचे फवारे. डेअरीच्या फाटकावर लेबलं उतरवली आणि पहारेकऱ्याने प्रत्येकाला थंड लबानची (दाट ताक) बाटली दिली. चव आपल्या ताकासारखीच, फक्त मीठ-जिरं राहून गेलेलं. मी पर्समधून मिठाची पुडी काढली. अबू फहदने माझ्या बाटलीतून चव घेतली आणि आपलीही पुढे केली. बेन्सननी नको म्हटलं.

रात्री रस्त्याकडेच्या एका इस्तिराहात (मुक्कामाच्या खोल्या) उतरलो. गादी कडक, पाणी खारट, झोप चांगली लागली. सकाळी नवऱ्याचा निरोप नव्हता. पुढे फोनला रेंज येऊन जाऊन.

ताइफनंतर गंमत झाली. मक्केकडे जाणाऱ्या रस्त्यावर मोठी पाटी आहे. तिच्यापुढे फक्त मुसलमानांना प्रवेश, बाकीच्यांनी बाहेरच्या रस्त्याने जायचं. ट्रकचालक दोघेही पेशावरचे, मुसलमान. त्यांच्या मालकाने त्यांना जवळचा रस्ता आखून दिला होता आणि ते हॉर्न वाजवून सरळ निघून गेले. अबू फहदने आमची गाडी फाट्याला वळवली.

"थांबा! ट्रकमागे चला," बेन्सन ओरडले.

"आप मुस्लिम?"

"नाही."

"तो खलास (संपलं)," अबू फहद म्हणाला. "इधर से."

तीन तास माल आमच्यापैकी कुणालाच दिसत नव्हता. बेन्सन तिन्ही फोन आळीपाळीने लावत होते. ट्रकवाले उचलत नव्हते. मीही मनातून बेचैन होते. वाटेत कुणी ती खोकी उघडून पाहिली तर नवरा सीमेच्या चुकीच्या बाजूला सापडणार होता. उघडे काळे डोंगर, वळणं, माकडं. दगडांवर बसलेली माकडं गाडीकडे हात पसरत होती. बेन्सननी एकाला खजूर फेकला. प्रवासातली त्यांची ती एकच कृती मला माणसासारखी वाटली.

दुपारी चारला किंग अब्दुल्ला इकॉनॉमिक सिटीत शिरलो. एवढं मोठं नाव आणि एवढे रुंद रस्ते, आणि रस्त्यावर आम्हीच. आखून लावलेली खजुरीची झाडं, काचेच्या इमारती, बऱ्याचशा मोकळ्या. पलीकडे बंदर मात्र जिवंत होतं. क्रेन हलत होत्या, त्यामागे निळाशार समुद्र. आमचे दोन्ही ट्रक सावलीत लागलेले, चालक चहा पीत बसलेले. खोक्यांवरची सीलं शाबूत होती.

बंदराच्या कचेरीत एक तरुण सौदी अधिकारी होती, काळा स्कार्फ, खणखणीत इंग्रजी. दाखल्याच्या चार प्रती तिने टेबलावर ठेवल्या. एक बंदराकडे राहते, एक बोटीच्या कप्तानाकडे, एक आयोगाकडे, एक विरोधी पक्षांच्या प्रतिनिधींना बोटीवरून परस्पर जाते. बेन्सननी पेन पुढे केलं.

फोनवर निरोप नव्हता.

"आधी सीलं मोजते," मी म्हटलं.

"ट्रकवाल्यांनी मोजली आहेत, मिसेस सुधा."

"सही ट्रकवाले करणार आहेत का?"

मी उन्हात एकेक सील मोजलं. संपल्यावर उलट्या बाजूने मोजलं. मग नंबर वहीशी ताडून पाहिले. पाणी मागितलं, पाणी प्यायले. बेन्सनचा शर्ट पाठीला चिकटला होता. डॅनियल माझ्यामागे वही धरून उभा होता आणि प्रत्येक नंबर दोनदा मोठ्याने वाचत होता. सव्वापाचला फोन वाजला. "पलीकडे आलो. इथला चहा फार वाईट आहे."

मी आत गेले, बसले आणि सही करण्याआधी चारही प्रतींवर सहीच्या वर लिहिलं : "तळ्याकाठच्या जिल्ह्याच्या मतपत्रिकांचा दुसरा संच, चोवीस खोकी, मागणीबाहेर छापलेला. सर्व मतपत्रिकांचा वरचा उजवा कोपरा कापून त्या नियमाप्रमाणे रद्द केल्या आहेत. कापणी मी स्वतः केली." खाली खोक्यांचे नंबर आणि सही.

बेन्सननी वाचलं. मग एक खोकं फोडायला लावलं, एक वही उलटी केली. वाकून तो कोपरा बोटाने चाचपून पाहिला.

"हे फाडा," ते त्या अधिकारी मुलीला म्हणाले. "नवे फॉर्म द्या."

"फॉर्म बंदराचा आहे, साहेब," ती म्हणाली. "तुमच्या भांडणाशी आमचा संबंध नाही. खोकी मोजली, आकडा जुळतो." आणि चारही प्रतींवर धाड धाड शिक्के मारले.

बेन्सन माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "तुमचं घर आहे तिथे. चौदा वर्षांचा संसार आहे. तुमचे पती आहेत."

"पती नाहीत तिथे," मी म्हटलं. "कालच निघाले. संसार तुम्ही घ्या. फ्रिजचं दार नीट लागत नाही, जरा उचलून लावा."

डॅनियलने पेन माझ्या हातातून घेतलं आणि माझ्या सहीखाली आपली केली. त्याची सही तिथे लागतच नव्हती.

"तू कशाला?" मी म्हटलं. "तुला परत जायचंय. तुझ्या मुली तिथे आहेत."

"म्हणूनच," तो म्हणाला. "थोरली यंदा पहिल्यांदा मत देणार आहे. तिला मी काय सांगू, की ममा सुधाने एकटीने केलं?"

बोट अंधार पडायच्या आत सुटली. अबू फहदला सगळं कळलं नव्हतं, पण बेन्सनना गाडीत घेणार नाही एवढं त्याने परस्पर ठरवून टाकलं होतं. "उसका टैक्सी," तो म्हणाला. आम्हा दोघांना त्याने जेद्दाच्या विमानतळावर सोडलं. डॅनियल घरी गेला, मी मुंबईला आले. नवरा चार दिवसांनी दोन जोड कपड्यांनिशी आला. एक जोड इस्त्रीचा होता.

आता मिरजेत आहोत. तिथली निवडणूक स्वच्छ झाली, असा दावा मी करणार नाही. बाकी जिल्ह्यांत काय झालं ते मला माहीत नाही. तळ्याकाठी राष्ट्राध्यक्ष पुन्हा आपटले, एवढं कळलं. डॅनियलची नोकरी गेली. तो मेव्हण्याच्या दुकानात बसतो आणि अधूनमधून फोन करतो. हमीदभाई आहेत तिथेच आहेत. आमच्या घराला सील लागलंय. श्रीनिवासला कारखान्याची आठवण येते, मला माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीची. मांजर शेजारणीने नेलं.

गेल्या आठवड्यात त्या देशाच्या वकिलातीतून एका सभ्य आवाजाच्या गृहस्थाचा फोन आला. प्रकरण मिटवायचं होतं. मी एक पत्र द्यायचं, की दाखल्यावर लिहिलं ते खरं नव्हतं, ते कोपरे दम्मामच्या कटिंग मशीनच्या दोषामुळे चुकून कापले गेले. पत्र दिलं की घराचं सील निघेल, सामान मिळेल, दोघांना पुन्हा परवाना मिळेल, श्रीनिवासची जागासुद्धा. श्रीनिवास समोरच बसून भाजी निवडत होता. त्याने हात थांबवला आणि माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा भाजी निवडू लागला.

"मशीन उत्तम होतं," मी त्या गृहस्थाला सांगितलं. "पातं नवं होतं. त्या चोवीस खोक्यांतल्या कुठल्याही दोन मतपत्रिका काढा आणि एकमेकींवर ठेवून बघा, कोपऱ्यात केसाएवढा फरक निघाला तर हवं ते पत्र देते."

त्यांनी अजून काही कळवलेलं नाही.